आप्पासाहेबांच्या हवाली केलेला फोन

आप्पासाहेब ठोकळ्यांच्या उभ्या आयुष्यात एकच वस्तू हरवली, आणि तीही त्यांच्या हातून हरवली नव्हती.

बावीस वर्षं त्यांनी लष्करात काढली, सगळी सिग्नलमध्ये. जबलपूरला शिकले आणि मग लडाख, नागालँड, राजस्थान, जिथं पाठवलं तिथं पाठीवर वायरलेस सेट घेऊन हिंडले. सिग्नलच्या जवानाला पहिल्याच आठवड्यात उस्ताद सांगतो, की माणूस गेला तर दुसरा येतो, पण सेट गेला तर चौकशी बसते. हे वाक्य आप्पासाहेबांच्या अंगात इतकं भिनलं, की गावी परत आल्यावरही ते बैलाच्या दावणीला गाठ मारली तरी दोनदा ओढून बघत. विहिरीवर बादली घेऊन गेले तर परतताना बादली, दोर, तांब्या असं मोजत येत. बनाबाई, त्यांची बायको, हसायची. "आवं, हितं कोन चौकशी लावनार हाय तुमची?" म्हणायची.

त्र्याण्णव साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. तासगावपासून चार मैलांवर त्यांचं गाव. पेन्शन बेताची, घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. मुलगी दीपमाला तेव्हा सातवीत होती आणि तिला शिकवायचं होतं. घरी बसून चालणार नव्हतं. मिलिटरीत गाडी चालवायला शिकले होते, म्हणून तासगावात आकाराम आबांच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून लागले.

आबांचा बेदाण्याचा व्यापार. तासगावच्या रस्त्याला त्यांचं कोल्ड स्टोरेज, सांगलीच्या मार्केट यार्डात पेढी, गावाकडं पन्नास एकर बाग. माणूस सत्तरीला आलेला, पण अजून बेदाण्याचा दाणा दाताखाली धरून कुठल्या शिवारातला ते सांगायचा. त्यांच्या घरी आप्पासाहेबांच्या नावातलं 'साहेब' तेवढं गळालं. पलटणीत सगळे हवालदारसाब म्हणत. इथं आबांपासून भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना ते नुसते आप्पा. चहा सगळ्यांना कपात यायचा, त्यांना काचेच्या ग्लासात, आणि तो ग्लास पायरीच्या कोनाड्यात वेगळा पालथा घातलेला असायचा. आप्पासाहेबांनी हे पहिल्या दिवशी बघितलं आणि त्याबद्दल कधी कुणाशी बोलले नाहीत. पगार वेळेवर मिळत होता. दीपमालाची फी भागत होती.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत आबांच्या मुलानं, वीरधवलनं, मोबाइल घेतला. बत्तीस वर्षांचा गडी, पण बापासमोर अजून शाळकरी पोरासारखा उभा राहायचा. दिल्ली-कलकत्त्याच्या पार्ट्यांचे फोन येतात, दर तासाला भाव बदलतो, असं दोन महिने सांगून त्यानं आबांना राजी केलं होतं. बावीस हजारांचा फोन. वर काळी काडी, खाली हिरवा उजेड पडणारी पट्टी. फोन आला तरी मिनिटाला पैसे, केला तरी पैसे.

आबांनी तो हातात घेऊन वजन केल्यासारखा खालीवर केला. म्हणाले, "बावीस हजारात दोन म्हशी आल्या असत्या. ह्यो काय दूध देतो व्हय? आनि एक सांगून ठिवतो. हरवलास तर घरात पाय ठिवू नगंस."

पहिल्याच आठवड्यात वीरधवल तो सांगलीत एका केशकर्तनालयात विसरला, आणि तीन दिवसांनी मार्केट यार्डात बेदाण्याच्या बॉक्सवर. दोन्ही वेळेस आप्पासाहेबांनी मागं जाऊन आणला. दुसऱ्या वेळेस वीरधवल वैतागून म्हणाला, "आप्पा, आजपास्नं ह्यो तुझ्या हवाली. मला लागंल तवा दे, झालं की घे."

आप्पासाहेबांना किती वर्षांनी असं वाटलं, की आपल्याला येतं ते काम कुणी आपल्याला दिलं. त्यांनी पाठीवरच्या जुन्या लष्करी पिशवीचा, पिट्टूचा, कॅनव्हास कापून फोनला पिशवी शिवली, झाकणाला पितळी बटण लावलं. तीन पदरी दोरी वळून एक टोक पिशवीला आणि दुसरं स्वतःच्या पट्ट्याला बांधलं. फोनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक दीपमालाकडून वाचून घेतलं. ती तेव्हा सांगलीत डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती. दोघं बापलेक दिव्याखाली बसून एकेक बटण दाबून बघत. त्यात एक कुलूप होतं. फोन एकदा बंद झाला की चालू करताना चार आकडे विचारायचा, ते नाही दिले तर गप्प पडायचा. ते त्यांनी बसवून घेतलं आणि आकडे फक्त वीरधवलला सांगितले. बॅटरी काढली की खाली पंधरा आकडी नंबर होता. तो त्यांनी डायरीत लिहिला, लष्करातून सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकाच्या मागच्या पानावर लिहिला आणि सरावानं पाठही केला. पलटणीत प्रत्येक सेटचा नंबर पाठ असावा लागे.

एक मात्र वीरधवलनं करू दिलं नाही. आप्पासाहेबांनी फोनच्या पाठीवर बारीक अक्षरात नाव-पत्त्याची चिठ्ठी चिकटवली होती, सापडल्यास ह्या पत्त्यावर द्यावा म्हणून. वीरधवलनं ती नखानं खरवडून काढली. "लोकांत काढायचा फोन हाय ह्यो, आप्पा. शाळंतल्या दप्तरावानी चिठ्ठ्या काय डकवतोस?"

आणखी एक वही होती. सेट कधी दिला, कधी घेतला, ते आप्पासाहेब तिच्यात वेळ घालून लिहीत आणि पुढं सही मागत. वीरधवलनं दोन-अडीच महिने हसत हसत सह्या केल्या. संक्रांतीनंतर कंटाळला. "लिही तूच काय ते," म्हणाला. आप्पासाहेब लिहीत राहिले. सहीची जागा रिकामी राहू लागली.

फेब्रुवारी संपत आला होता. साताऱ्याला एका पाहुण्याच्या घरचा साखरपुडा उरकून वीरधवल आणि आप्पासाहेब परत निघाले होते. चारच्या सुमाराला कऱ्हाड ओलांडून मलकापुरात हायवेच्या कडेला एका चहाच्या हॉटेलापाशी थांबले. वीरधवलनं फोन मागितला. आप्पासाहेबांनी दोरी सोडली, फोन दिला, खिशातली वही काढून 'चार दहा, सेट मालकांकडे' असं लिहिलं आणि रेडिएटरला पाणी आणायला हॉटेलामागच्या हौदाकडं गेले. वीरधवल एका हातात चहा, एका हातात फोन धरून जीपला टेकून दिल्लीच्या माणसाशी हिंदीत हसत बोलत होता. भाव चांगला लागला असावा.

पाणी घालून बॉनेट मिटेपर्यंत तो स्टिअरिंगवर जाऊन बसला होता. "सर तिकडं आप्पा, आज मी चालवतो."

आप्पासाहेब शेजारी बसले. सवयीनं विचारलं, "मालक, सेट?"

"हाय की माझ्याकडं. चल, बस."

जीप सुटली. पेठ नाका आला तेव्हा वीरधवलनं खिसा चाचपला. मग दुसरा. मग जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि सीटखाली, मागं, पायाशी सगळीकडं हात घातला. त्याचा चेहरा बघूनच आप्पासाहेबांना कळलं. तसेच मागं फिरले. मलकापूरला हॉटेलचा मालक दूध आणायला कऱ्हाडला गेला होता. कपबशा विसळणारी बाई म्हणाली, न्हाई बा, मी काय बघितलं न्हाई. रस्त्याच्या दोन्ही बाजू दोघांनी चालत बघितल्या, पण उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि अंधारून येत होतं. एसटीडी बूथवरून स्वतःच्याच नंबरला फोन लावला. बराच वेळ नुसती वाजत राहिली घंटी. दुसऱ्यांदा लावला तेव्हा कुणीतरी उचलल्यासारखं झालं, शेळी ओरडल्याचा आवाज आला आणि कट झाला. तिसऱ्यांदा बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, फोन बंद आहे.

परतीच्या वाटेवर आप्पासाहेब गाडी चालवत होते. आष्ट्याच्या पुढं वीरधवल बोलला. पाच वर्षं 'आप्पा, तू' म्हणणारा माणूस त्या वेळेला 'तुमी' म्हणाला.

"आप्पा, एक काम करा. दोन दिवस तुमी तुमच्या अंगावर घ्या. तुमच्याकडनं पडला म्हनून मी सांगतो. तुमाला आबा काय बोलायचे न्हाईत, तुमच्यावर लय इस्वास हाय त्यांचा. मला मातूर जित्ता सोडायचे न्हाईत."

"मी खोटं न्हाई बोलनार, मालक."

"बोलू नका. नुसतं गप ऱ्हावा. दोन दिवसांत नवा आनतो, मग मीच सांगतो आबास्नी काय झालं ते. माझ्या पोरीची शपथ."

आप्पासाहेबांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पुढं कितीतरी दिवस ते त्या आष्टा ते तासगाव रस्त्याचा विचार करत राहिले. गाडी आपल्या हातात होती, तोंड आपल्या ताब्यात होतं, नाही म्हणायला चाळीस मिनिटं होती.

आबा व्हरांड्यात खुर्चीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. वीरधवल पायातले बूट काढता काढता खाली मान घालून म्हणाला, "आबा, फोन गेला. आप्पाकडं हुता पिशवीत. कुठं पडला कळलं न्हाई."

अडकित्ता थांबला. "आप्पा, खरं हाय?"

आप्पासाहेब पायरीखाली ताठ उभे होते. गप्प राहिले.

आबांनी अडकित्ता मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "पाच वर्सं झाली ह्या मानसाला माझ्या दारात. गाडीचा एक पाना हरवला न्हाई ह्याच्या हातनं. सुईत दोरा ववून ठिवनारा मानूस. दोरीनं बांधलेली बावीस हजाराची वस्तू ह्याच्याकडनं पडंल?" त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "पडली न्हाई. ठिवली."

आप्पासाहेब एक पाऊल पुढं आले. "आबा, मी चोरी केली न्हाई."

"मग कुनी केली? सांग की."

आप्पासाहेबांनी वीरधवलकडं बघितलं. तो दुसऱ्या बुटाची नाडी सोडत होता. गाठ बसली होती वाटतं, कारण ती सोडायला त्याला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी आबांनी तक्रार दिली. वीरधवल सकाळीच बागेच्या कामाला म्हणून निघून गेला होता. ठाण्यात जमादार कागद पुढं ओढून म्हणाला, "मोबाइल कुठल्या कंपनीचा, नंबर काय?" तक्रार घेऊन आलेल्या आबांच्या दिवाणजीला फोन करायचा नंबर तेवढा माहीत. जमादार म्हणाला, "तो न्हवं, मशिनीवरचा."

चौकशीला बोलावून बाकावर बसवलेले आप्पासाहेब उभे राहिले आणि त्यांनी पंधराच्या पंधरा आकडे न अडखळता सांगितले. पलटणीत सांगत तसे, पाच-पाचचे तुकडे पाडून.

जमादारानं पेन खाली ठेवलं. "तोंडपाठ?"

"व्हय साहेब."

"मालकाला ठावं न्हाई आनि तुला तोंडपाठ?" तो दिवाणजीकडं बघून हसला. "बघा. घोडा न्ह्यायचा असतो त्योच दात मोजतो."

आप्पासाहेबांनी वही पुढं केली. चार दहा, सेट मालकांकडे. जमादारानं बोट ठेवलं, "सही कुठं हाय?" नव्हती. "हे तर तू घरी बसूनबी लिवशील." वही त्यानं टेबलाच्या खणात टाकली. ती पुन्हा आप्पासाहेबांना मिळाली नाही.

दोन दिवस त्यांना ठाण्यात बसवून ठेवलं. माजी सैनिक म्हणून हात लावला नाही, हे जमादारानंच चारदा ऐकवलं. तिसऱ्या दिवशी घराची झडती झाली. सगळी वस्ती दारात गोळा झाली. एका शिपायानं पिठाच्या डब्यात हात घातला. दुसऱ्यानं ट्रंक पालथी केली. त्यातून गणवेश पडला, बनाबाईचं लग्नातलं लुगडं पडलं, डिस्चार्ज बुक पडलं. त्या बुकाच्या पुढच्या पानावर वर्तणुकीच्या रकान्यात इंग्रजीत 'अनुकरणीय' असा शेरा होता. शिपायानं ते उघडलं, आणि मागच्या पानावर त्याला तोच पंधरा आकडी नंबर दिसला. त्यानं ते पान पंचांना दाखवलं. पुढचं, शेऱ्याचं पान कुणी उघडून बघितलं नाही.

बनाबाई चुलीपाशी उभी होती. शिपाई गेल्यावर तिनं लुगडं उचललं, झटकलं, पुन्हा घडी घातली, आणि घडी मनासारखी बसेना म्हणून परत मोडली. असं तिनं चार वेळा केलं.

दीपमाला सांगलीहून आली. बापाला ती दादा म्हणायची. पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवून समोर बसली आणि म्हणाली, "दादा, मला सगळं सांगा. पयल्यापास्नं."

त्यांनी सांगितलं. मलकापूर, हौद, 'हाय की माझ्याकडं', आष्ट्याच्या पुढचं बोलणं. ऐकता ऐकता तिचा चेहरा लाल झाला.

"आनि तुमी गप ऱ्हायला?"

"दोन दिसाचं हाय म्हनाला."

"दादा, त्यांचे दोन दिस आपल्या बाजूनं कवाच सपत न्हाईत. आजा असता तर त्यानंबी हेच सांगितलं असतं."

आप्पासाहेब तांब्यातलं पाणी प्यायले. त्यांच्या बापानं छप्पन साली धर्म बदलल्यावर गावकीची कामं सोडली होती आणि त्यापायी वर्षभर गावात कुणी मजुरी दिली नव्हती. तो माणूस भर चावडीत उभं राहून बोलला होता. आणि आपण पायरीखाली उभं राहून गप्प बसलो.

पाचव्या दिवशी बापलेक पहिल्या एसटीनं निघाले. सांगली, इस्लामपूर, मग मलकापूर. हॉटेलचा मालक भाऊसो त्या दिवशी गल्ल्यावर होता. आप्पासाहेबांनी फोन एवढा शब्द काढला, तशी त्यानं कपाळावर हात मारला.

"कुठं हुता तुमी इतकं दिस? मी रोज वाट बघतोय." त्यानं गल्ल्याखालच्या खणातून फडक्यात गुंडाळलेला फोन काढला. एक कोपरा खरचटला होता, काडी वाकली होती. "आमच्या हितला बिराप्पा, शेळ्या राखतोय. अर्ध्या मैलावर रस्त्याकडंच्या चारीत घावला त्याला. हातात वाजाय लागला तसा घाबरला, कायतरी दाबलं. दुसऱ्या दिशी माझ्याकडं आनून दिला. तवर बंद पडला हुता. कोल्हापूरच्या एका सायबाकडं तसलाच चार्जर हुता, त्येच्यावर चालू केला, तर चार आकडं मागाय लागला. म्या म्हटलं आतला एखादा नंबर बघून फोन लावावा, तर कुलूप. नाव न्हाई, पत्ता न्हाई. कुनाला सांगायचं?"

दीपमालानं बापाकडं बघितलं. आप्पासाहेब फोन उलटा करून पाठीवर खरवडलेल्या चिठ्ठीची जागा अंगठ्यानं चोळत होते.

"भाऊसो, त्या दिवशी तुमी काय बघितलं का?" तिनं विचारलं.

"बघितलं की. दूध आनायला निघतच हुतो. तुमचे मालक जीपच्या टपावर फोन ठिवून चा पीत हुते. मला वाटलं घेतील जाताना."

दीपमालानं तिथल्या तिथं वहीतलं पान फाडून तेवढं लिहून घेतलं, भाऊसोची सही घेतली, बिराप्पाला बोलावून त्याचा अंगठा घेतला. परतीच्या एसटीत म्हणाली, "दादा, ह्यो फोन सरळ ठान्यात द्यायचा. पंचनामा करून. त्यांच्या हातात द्यायचा न्हाई."

आप्पासाहेबांनी मान हलवली. पण तासगावच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांचे पाय ठाण्याकडं वळले नाहीत. ते म्हणाले, "सेट ज्याच्याकडनं घेतला त्याला परत द्यायचा, बाई. मधी तिसऱ्याच्या हातात दिला की आपलीच चूक." ती वाद घालत मागोमाग चालली. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. वाटत होतं, फोन समोर दिसला की वीरधवल बोलेल. आता त्याला भ्यायचं कारण उरलं नाही. फोनच मिळाला, मग बाप कशाला रागावेल?

कोल्ड स्टोरेजच्या अंगणात बेदाण्याचा सौदा चालला होता. वीस-पंचवीस माणसं, व्यापारी, हमाल, आडते. आबा खुर्चीवर, वीरधवल शेजारी. आप्पासाहेबांनी पुढं जाऊन फोन टेबलावर ठेवला, एक पाऊल मागं आले आणि म्हणाले, "मालक, सेट घ्या."

बोली थांबली. मग मागून एक आडत्या हसला. "निघाला का! म्हटलं हुतं, ठान्याची हवा लागली की निघतोय."

"चारीत सापडला," आप्पासाहेब म्हणाले. "मलकापूरला. हितं लिवून आनलंय."

दीपमालानं कागद आबांच्या हातात दिला. आबांनी चष्मा लावून तो वाचला, दोनदा. अंगणातला तोच आडत्या म्हणाला, "चावाला काय, धा रुपयं दिलं तर मी दिल्लीचा बादशा हाय म्हनूनबी लिवून दील." माणसं हसली.

तेव्हा आप्पासाहेब बोलले. आवाज चढवला नाही. "मालक, मलकापूरला गाडी सुटताना मी इचारलं, सेट? तुमी काय म्हनाला?"

वीरधवलनं फोन उचलला, वाकलेली काडी बोटांनी सरळ करायला बघितली. "मला काय आठवत न्हाई, आप्पा."

आबांनी कागदावरून नजर उचलली. त्यांनी आप्पासाहेबांकडं बघितलं नाही, मुलाकडं बघितलं. वीरधवलच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. बत्तीस वर्षं ते पोर त्यांच्यासमोर वाढलं होतं. त्यांना कळलं. दीपमालानंही बघितलं, की त्यांना कळलंय. त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात सरकवली आणि म्हणाले, "माल घावला न्हवं? मग झालं. जा घरी."

"आबा," दीपमाला म्हणाली, "सगळ्यांसमोर आरोप केला, तर सगळ्यांसमोर—"

"पोरी, शिकतीस न्हवं? शीक. जा."

वीरधवलला तेवढ्यात कंठ फुटला. "तक्रार मागं घेऊ, आबा. जाऊ द्या. चुकतो मानूस."

बाजूला उभे असलेले दोन-तीन व्यापारी माना डोलवत म्हणाले, मोठं मन लागतं असल्याला. त्या वाक्यावर आप्पासाहेबांनी पट्ट्याची दोरी सोडली, कॅनव्हासची पिशवी फोनशेजारी ठेवली, आणि अजून त्यांच्याकडंच राहिलेली जीपची किल्लीही ठेवली. बाहेर येईपर्यंत पुढच्या बॉक्सची बोली सुरू झाली होती.

तक्रार मागं घेतली गेली. पण कागदावर आलेलं कागदावरच राहतं. मार्च महिन्यात सांगलीत एका बँकेनं माजी सैनिकांतून सुरक्षारक्षक घ्यायचे म्हणून जाहिरात दिली. आप्पासाहेब बंदूक चालवण्याच्या परीक्षेत पहिले आले. मग पोलीस पडताळणीचा अहवाल आला. साहेबानं कागद वाचून पाठीमागं टेकत विचारलं, "चोरीची तक्रार होती म्हणे?" आप्पासाहेबांनी सांगायला सुरुवात केली. साहेब म्हणाला, "मागं घेतली ना, मग काळजी कसली. आम्ही कळवू." कळवलं नाही.

ते द्राक्षबागेत औषध मारायच्या कामाला जाऊ लागले. पंप पाठीवर घ्यायची सवय होतीच. मजुरी हजेरीवर. सुट्टीच्या वेळेला बागमालक सगळ्यांची हत्यारं गोळा करताना त्यांची कात्री तेवढी जरा निरखून घ्यायचा, का त्यांनाच तसं वाटायचं, हे त्यांना ठरवता येईना. मुद्दामहून ते सगळ्यात आधी हत्यार जमा करू लागले.

वीरधवल रस्त्यात दिसायचा. एकदा त्यानं जीप थांबवली, काच खाली केली आणि म्हणाला, "आप्पा, मनात ठिवू नका. यायचं असंल तर या परत." अजून 'तुमी'च म्हणत होता. आप्पासाहेबांनी त्याला जयभीम घातला आणि चालू लागले. त्या दिवशी घरी आल्यावर बनाबाईला म्हणाले, "त्येला वाटतंय मी रागावलोय." ती म्हणाली, "मग न्हाई व्हय?" ते म्हणाले, "राग न्हाई. मी स्वतः गप बसलो, त्येचा राग कुनावर काढू?"

एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी बुद्धविहारात बैठक झाली. गावी आल्यापासून विहाराची किल्ली आप्पासाहेबांकडं असायची. लाउडस्पीकर, सतरंज्या, दानपेटी, मूर्तीपुढची समई, सगळं त्यांच्या ताब्यात. बैठकीत कपिल नावाच्या तरुणानं, मंडळाचा तो सेक्रेटरी, घसा साफ केला आणि खाली बघत म्हणाला, "आवं आप्पासाहेब, तुमचं आता वय झालं, दिवसभर बागंत ऱ्हाता. किल्ली ह्या साली प्रबुद्धकडं द्यावी म्हनतोय. तुमाला कशाला तरास?"

कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही. सगळे भिंतीवरच्या तसबिरीकडं बघत होते. ज्यांनी झडतीच्या दिवशी दारात उभं राहून सगळं बघितलं होतं, तीच माणसं होती.

"बरोबर हाय," आप्पासाहेब म्हणाले. कंबरेची किल्ली काढून त्यांनी मंडळातल्या त्या तरुण प्रबुद्धच्या हातात दिली. मग त्याला घेऊन सगळ्या वस्तू एकेक करून दाखवल्या. सतरंज्या बारा, त्यातली एक उसवलेली. समईच्या वाती कुठं असतात. लाउडस्पीकरची कुठली पिन सैल आहे. पोरगा संकोचून "असू द्या की, कळलं," म्हणत होता, पण त्यांनी सगळं दाखवूनच सोडलं.

घरी आल्यावर बनाबाईनं विचारलं, "काय ठरलं?"

"मिरवणूक सांजच्याला पाचला हाय," ते म्हणाले, आणि हात धुवायला मोरीकडं गेले.